हे म्हणणे खरे नाही की

माझ्या नावावर कागदोपत्री एक वाक्य आहे, जे मी कधी बोललेच नाही. ‘हे म्हणणे खरे नाही की, वादीकडून मला पैसे मिळणार असल्याने मी वादीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ खाली माझी सही आहे. पुणे, मार्च २०१५.

दिवाणी कोर्टात उलटतपास कसा लिहिला जातो हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. समोरचे वकील विचारतात, “तुम्हाला पैसे मिळणार आहेत म्हणून तुम्ही मालकिणीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय, बरोबर?” साक्षीदार म्हणतो, “नाही.” मग न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर एकत्र वळून त्याचं एक वाक्य करतात, ते टंकलेखकाला सांगतात, आणि ते साक्षीदाराचं वाक्य होतं. मी दिलेला शब्द एकच होता. बाकीची सगळी भर वकिलांची आणि व्याकरणाची.

अनुवादावर पोट असल्यामुळे असेल, पण सही करतानाच त्या वाक्याची ठेवण मला खटकली होती. त्यात विधानं दोन आहेत. पैसे मिळणार आहेत हे एक, साक्ष खोटी आहे हे दुसरं. नकार मात्र एकच, आणि तो दोघांवर मिळून पांघरलेला. साक्ष खोटी नव्हती. ते मी आजही कुणासमोरही सांगेन. पहिल्या विधानाचं काय, हे मला तेव्हा धड सांगता आलं नसतं, आणि सुदैवाने तसं सुटं करून कुणी विचारलं नाही.

मी २००६ ते २००९ अशी तीन वर्षं सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहिले. सोलापूरहून नोकरीसाठी आलेली, भाडं महिना बावीसशे, अकरा महिन्यांचा करार. मालकीण म्हणजे काकू. तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या, मूलबाळ नाही, नवरा जाऊन दहाएक वर्षं झालेली. वाड्याची मालकीण म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं काकूंकडे काही नव्हतं. दोन खोल्या त्यांच्या, शेजारची एक मला दिलेली. बाकी सगळा वाडा जुन्या भाडेकरूंकडे. माझ्या एकटीच्या भाड्यात त्यांचा महिना निघायचा आणि उरलेल्या सगळ्या भाडेकरूंचं मिळून जे यायचं त्यात वाड्याचं लाइटबिलही भागत नव्हतं.

हे गणित पुण्यामुंबईत वाढलेल्यांना सांगावं लागत नाही, पण इतर ठिकाणच्या वाचकांना खरं वाटणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याशी बांधून ठेवलं होतं. हेतू चांगला होता, युद्धानंतरची टंचाई होती. पण टंचाईसाठी केलेला कायदा पन्नास वर्षं चालत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात, हे असं भाडं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सांगितलं. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि मालकाला वर्षाला चार टक्के भाडं वाढवायची मुभा मिळाली. काकूंच्या खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं भाडं बेचाळीस रुपये होतं. त्याचे चार टक्के म्हणजे एक रुपया अडुसष्ट पैसे. “वाढवलं नाही,” काकू म्हणायच्या. “पावतीचा कागद महाग पडतो.”

त्याच दोन खोल्यांवरून दावा झाला.

त्या खोल्या बंद असायच्या. भाडेकरू बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, तिथे राहायला जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. दाराला गोदरेजचं जाडजूड कुलूप. मी त्यांना मनातल्या मनात कुलूपवाले काका म्हणायचे. इकडे काकूंचे गुडघे गेलेले. वाड्याचे संडास खाली अंगणापलीकडे, जिना लाकडी, उभा, कठड्याला धरावं तर कठडाच हलणारा. रात्री त्यांना खाली उतरायचं असलं की जिन्याच्या पायऱ्या एकेक करून वाजायच्या, आणि मी अंथरुणात पडून त्या मोजायचे. एकोणीस होत्या. परत वर येतानाच्या मोजून झाल्याशिवाय झोप लागायची नाही. त्यांना खालच्या खोल्या राहायला हव्या होत्या. कायद्यात दोन्ही कारणं बसतात, मालकाची प्रामाणिक गरज आणि दाव्याआधी सलग सहा महिने जागेचा विनाकारण वापर न होणं. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांनी दावा लावला. मे महिन्यात मी वाडा सोडला, लग्न होऊन बंगळूरला आले.

साक्षीसाठी फोन आला तो २०१४ च्या दिवाळीनंतर. साडेपाच वर्षांनी. त्या सहा महिन्यांत वाड्यात राहत असलेली आणि कुलूप रोज पाहिलेली माणसं तशी बरीच होती, पण ती सगळी जुनी भाडेकरू. एका भाडेकरूविरुद्ध मालकाच्या बाजूने दुसरा जुना भाडेकरू उभा राहत नाही. आज त्याचं, उद्या आपलं. पोस्टमन बदलून गेलेला. राहिले मी.

माझा नवरा हिशेबी नाही, पण सरळ प्रश्न विचारणारा आहे. “जा ना,” तो म्हणाला. “तिकिटाचं काय ते बोललीस का?” मी म्हटलं, असं कसं बोलणार. तो म्हणाला, “का? त्यांची जागा आहे, त्यांचा दावा आहे.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बंगळूरला आम्ही स्वतः भाड्याने राहतो. इथल्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून देऊन बसलो आहोत, आणि घर सोडताना त्यातला एक महिना रंगाच्या नावाखाली कापला जाणार हेही गृहीत धरून आहोत. घरमालकासाठी स्वखर्चाने साडेआठशे किलोमीटर जाणारी मी, हे त्याला विनोदी वाटणं साहजिक होतं.

पण मी गेले, कारण २००७ साली माझे वडील सोलापूरला दवाखान्यात होते तेव्हा काकूंनी तीन महिने भाडं घेतलं नव्हतं. “तेव्हाचं तेव्हा बघू” म्हणाल्या आणि ते ‘तेव्हा’ कधी आलं नाही. वडील गेल्यावर मी पैसे द्यायला गेले तर त्यांनी विषयच बदलला. सहा हजार सहाशे रुपये. तो आकडा मी विसरले नव्हते आणि त्याही विसरल्या नसणार, कारण त्या लांब वहीत दुधाचा अर्धा लिटरही लिहायच्या.

एकदा जाऊन यावं लागेल असं वाटलं होतं, तीनदा जावं लागलं. पहिल्या वेळी शपथपत्र करायचं होतं. २००२ च्या दुरुस्तीपासून सरतपास तोंडी होत नाही, शपथपत्रावर होतो, म्हणजे तुमचं म्हणणं वकील लिहून आणतात आणि तुम्ही वाचून सही करता. काकूंच्या वकिलांनी छान मसुदा केला होता. पाचव्या परिच्छेदात होतं, ‘सदर कालावधीत सदर खोल्या पूर्णपणे बंद होत्या व प्रतिवादी अगर त्यांचे कुटुंबीय तेथे एकदाही आले नाहीत.’

आले होते. सप्टेंबर २००८, पितृपक्ष. त्यांच्या आईची तिथी. त्या खोल्यांत त्यांची आई गेली होती, तिचा पलंग आणि एक कपाट अजून तिथेच होतं. ते दुपारी आले, कुलूप उघडलं, झाडून घेतलं, दोनेक तास आत बसले, आणि कुलूप लावून गेले. मला आठवत होतं कारण त्या दिवशी मला ताप होता आणि मी घरी होते.

मी म्हटलं, हे वाक्य बदलावं लागेल. वकील म्हणाले, दोन तास बसण्याला वापर म्हणत नाहीत, कायद्याने काही फरक पडणार नाही. मी म्हटलं, मग लिहायलाही हरकत नाही. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही नक्की कुणाच्या साक्षीदार?” काकू बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं आता म्हणतील, एवढ्यासाठी बंगलोरहून आलीस का? चेहरा तरी तसा होता. मग वकिलांना म्हणाल्या, “लिहा. आला होता तो. चहा मीच दिला होता त्याला.”

हे मी सांगते आहे ते माझा खरेपणा मिरवायला नाही. उलट त्याच प्रवासात परत जाताना मला पहिल्यांदा जाणवलं की मी काकूंवर थोडी खट्टू आहे. एवढ्या लांबून आले, आणि त्यांनी येण्याजाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. शपथपत्रात वाक्य बदलायला लावलं म्हणून विचारलं नसेल, असंही वाटून गेलं. दुसऱ्या वेळी, जानेवारीत, समोरच्या वकिलांनी मुदत मागितली आणि मी पुकारा होण्याची वाट बघत चार तास व्हरांड्यात बसून परत आले. उद्यान एक्सप्रेसला रात्री बसलं की पुणं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर येतं, आणि कोर्टाची तारीख त्याच्याही दुसऱ्या दिवशी, म्हणजे एका ‘नाही’साठी चार दिवस. मुलगी अडीच वर्षांची. तिला सांभाळायला बाई ठेवावी लागायची. मी डायरीच्या मागच्या पानावर खर्च लिहायला लागले. कशासाठी लिहितेय हे स्वतःला विचारलं नाही. तिन्ही खेपांची बेरीज सात हजार तीनशे चाळीस आहे, बुडलेलं काम सोडून.

आणि तिसऱ्या खेपेला, दौंड गेल्यावर, डब्यातली माणसं सामान आवरायला लागली असताना माझ्या मनात असा विचार आला की काकूंना मूलबाळ नाही. बस, एवढाच. पुढचं वाक्य मी केलं नाही. पण पुढचं वाक्य काय असतं ते कुणालाही कळेल. पेठेतल्या वाड्यांचे तेव्हा सौदे होत होते, बिल्डर फेऱ्या मारत होते, आणि म्हाताऱ्या माणसांनी सांभाळणाऱ्या-धावून येणाऱ्या परक्या मुलींच्या नावावर काहीबाही ठेवल्याच्या गोष्टी आपल्याकडे काय कमी ऐकायला मिळतात. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी शपथ घेतली.

समोरचे वकील हुशार होते. त्यांनी आधी मला कोर्टाचं समन्स आलं होतं का विचारलं. नव्हतं. मग म्हणाले, म्हणजे तुमच्यावर येण्याचं बंधन नव्हतं. नव्हतं. तिकीट कुणी काढलं? मीच. “समन्स नसताना, पदरचे पैसे घालून, लहान मूल घरी ठेवून तुम्ही बंगलोरहून तीनदा आलात?” मी हो म्हटलं. त्यांनी कागद बघितले. “सोलापूरला माहेर आहे ना तुमचं? गाडी सोलापूरवरूनच येते.” मी म्हटलं, गाडी थांबते, मी उतरले नाही. कोर्टात कुणीतरी हसलं. मग त्यांनी पितृपक्षाचं विचारलं, आणि मी शपथपत्रात होतं तेच सांगितलं. ते माझ्याच बाजूने आहे असं समजून त्यांनी त्यावर पाच-सहा प्रश्न विचारले: आत पंखा चालू होता का, स्वयंपाक झाला का, पाणी कुठून भरलं. पंखा चालू होता. स्वयंपाक नाही. पाणी काकूंकडून. आणि शेवटी ते पैशांचं.

मी ‘नाही’ म्हटलं तेव्हा कुलूपवाले काका समोरच्या बाकावर होते. माझ्याकडे बघत नव्हते. बाहेर आल्यावर व्हरांड्यात तेच आधी भेटले. मला वाटलं तोंड फिरवतील. “गाडी किती वाजता?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “अवकाश आहे मग,” म्हणाले आणि क्षणभर थांबून, “पंखा चालू होता हे लक्षात होतं तुझ्या,” एवढं बोलून गेले. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

काकू कॅन्टीनपाशी थांबल्या होत्या. आम्ही चहा घेतला, पैसे त्यांनी दिले. मग त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं, पांढरं, लग्नाच्या आहेराला देतात तसं, आणि माझ्यापुढे धरलं. “हे घे.”

मी म्हटलं, “नको काकू.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि पाकीट परत पिशवीत ठेवलं.

आपल्याकडे ‘नको’ हा शब्द पहिल्यांदा म्हणायचा असतो तो दुसऱ्यांदा विचारलं जावं म्हणून. पोळी वाढताना, लुगडं देताना, मुलाच्या हातावर पैसे ठेवताना. सोलापुरात तर तीनदा नको म्हटल्याशिवाय घेणारी मुलगी आगाऊ. काकू पक्क्या पेठेतल्या. त्यांच्याकडे शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच. गाडीत बसल्यावर मला रडू आलं, आणि ते कशाचं होतं हे मी नवऱ्याला सांगू शकले नाही, कारण सांगायचं म्हटलं तर ‘त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही’ असं सांगावं लागलं असतं.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी मनात हा दावा चालवला. मी अनुवादक आहे. फुकट कामाची मला सवय आहे. ‘दोनच पानं आहेत’, ‘तुला काय, बसल्या बसल्या होईल’, हे कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत ऐकून झालं आहे. मराठीत तर त्यासाठी मानधन असा एक सोयीचा शब्द आहे, त्यातलं धन गाळलं तरी मान उरतो. तेव्हा काकूंनी काही देणं लागतं असं मी एकदा ठरवायची, आणि एकदा ठरवायची की अपेक्षा करणारी मीच हलकी. शेवटी सोलापूरच्या एका वकील मैत्रिणीला विचारलं, माझं नाव न सांगता, एका ओळखीच्या बाईचं म्हणून. तिने ओळखलंच असणार.

ती म्हणाली, दोन गोष्टींची गल्लत नको. साक्षीदाराचा खर्च वेगळा आणि साक्षीची किंमत वेगळी. साक्षीची किंमत ठरवणारा करार कायद्यापुढे करारच नाही, सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्दबातल. खर्चाचं मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेत स्वच्छ लिहिलेलं आहे: ज्याला साक्षीदार हवा त्याने समन्स काढताना साक्षीदाराचा प्रवासखर्च आणि एका दिवसाचा भत्ता कोर्टात भरायचा. मग ती हसून म्हणाली, तुझ्या त्या ओळखीच्या बाईसाठी तर आणखी एक गंमत आहे. पाचशे किलोमीटरच्या पलीकडून साक्षीदाराला प्रत्यक्ष हजर राहण्याचा हुकूम सहसा करता येत नाही. पण दोन गावांमध्ये विमानाची सोय असेल आणि साक्षीदाराला विमानाचं भाडं दिलेलं असेल, तर करता येतो. ‘विमानाचं?’ मी म्हटलं. मी तिन्ही वेळा स्लीपरने गेले होते.

तिने मला १८७२ च्या करार कायद्याची दोन कलमंही वाचून दाखवली. पंचविसाव्या कलमात, कुणी आपण होऊन तुमच्यासाठी काही केलं आणि नंतर तुम्ही त्याची भरपाई द्यायचं वचन दिलंत, तर ते वचन बांधतं. उदाहरण दिलं आहे: अ ला ब ची पैशाची पिशवी सापडते, तो ती परत करतो, ब त्याला पन्नास रुपये देण्याचं कबूल करतो. हा करार आहे. पण काकूंनी काही कबूल केलं नव्हतं. राहिलं सत्तरावं कलम. फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी दुसऱ्यासाठी काही केलं आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. त्याखालच्या उदाहरणात अ हा ब ची मालमत्ता आगीतून वाचवतो. परिस्थितीवरून दिसत असेल की त्याने ते फुकट करण्याच्या हेतूने केलं, तर त्याला भरपाई मागता येत नाही.

ती आग माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेली नाही. बादली घेऊन धावणाऱ्या माणसाच्या मनात काय होतं हे परिस्थितीवरून कसं दिसणार? आणि मी धावले ते फुकट म्हणून, की सहा हजार सहाशे फेडायला म्हणून, की दौंडनंतरच्या त्या न केलेल्या वाक्यासाठी? मला वाटत आलं होतं की पैसे घेतले नाहीत म्हणजे साक्ष निर्मळ. पण मी गेलेच होते ते उपकाराखाली. माझा मोबदला साक्षीच्या सात वर्षं आधी, तीन हप्त्यांत, पोचला होता. समोरच्या वकिलांनी पैसे मिळणार आहेत का विचारलं. मिळालेले आहेत का, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? काकूंनी तेव्हा भाडं सोडलं ते काही दाव्यासाठी नव्हे, दावा तेव्हा नव्हताच. तरीही पाचव्या परिच्छेदातलं वाक्य बदलायला सांगताना माझा घसा कोरडा पडला होता तो त्या तीन महिन्यांमुळेच. आगाऊ पैसे घेतलेल्या माणसाचा पडावा तसा. पाकीट घेतलं असतं तर उलट सोपं गेलं असतं. सात हजार तीनशे चाळीस मोजून घ्यायचे, त्यातले सहा हजार सहाशे परत करायचे, आणि सातशे चाळीस रुपयांवर दोघींनी मोकळं व्हायचं. पण तसं काकूंनीही होऊ दिलं नसतं. त्यांच्या वहीत माझं भाडं कोणत्या रकान्यात लिहिलं होतं, देवाला ठाऊक.

दावा काकूंच्या बाजूने लागला २०१६ मध्ये. प्रतिवादी अपिलात गेले, ते २०१९ मध्ये फेटाळलं गेलं. ताबा मिळाला तेव्हा काकू एक्क्याऐंशीच्या होत्या. फोन करून म्हणाल्या, “खाली आले गं राहायला.” आणि मग, “त्याच्या आईचा पलंग त्याने नेला नाही, म्हणाला राहू दे. मी त्यावरच झोपते, उंचीला बरोबर आहे.” माझ्या येण्याबद्दल, साक्षीबद्दल काही नाही. मुलगी कितवीत गेली ते विचारलं. त्या खालच्या खोल्यांत त्या दोन वर्षंही राहिल्या नाहीत. २०२१ मध्ये गेल्या. मला पंधरा दिवसांनी कळलं.

त्यांच्या पुतण्याचा फोन आला तो गेल्या पावसाळ्यात. वाडा आता त्याच्याकडे आहे. पुढच्या बाजूचं दुकान मूळ भाडेकरूने परस्पर दुसऱ्याला दिलं, त्यावरून दावा आहे. हे २००८ साली घडलं, आणि मी तेव्हा तिथे राहत होते. नव्या दुकानदाराकडून मोबाइलचं रिचार्जही करायचे. खरं आहे, करायचे. पुतण्या गोड बोलतो. काकू तुमचं फार नाव काढायच्या, म्हणाला. हे मला माहीत नव्हतं, आणि ते अशा वेळी कळावं हे मला आवडलं नाही. “यावेळी तुमचं व्यवस्थित करू,” तो म्हणाला. “म्हणजे दाव्याचं झालं, सौदा झाला, की तुमचं लक्षात ठेवू.”

मी म्हटलं, व्हिडिओवरून साक्ष देते. त्याच्या वकिलांना साक्षीदार समोर हवा होता.

मग मी म्हटलं, तसं असेल तर कोर्टातून समन्स काढा. माझा खर्च कोर्टात भरा, मला हातात देऊ नका. आणि सौद्यानंतरचं काही माझ्याशी बोलू नका, कारण ते मला विचारलं जाणार आहे, आणि यावेळी मला नीट उत्तर द्यायचं आहे.

तो जरा वेळ गप्प होता. “म्हणजे फक्त भाडं?”

“भाडं, आणि एका दिवसाचा भत्ता.”

“रेल्वेचं ना?”

“विमानाचं,” मी म्हटलं. “कायद्यात तसं आहे.”

वकिलांना विचारून कळवतो म्हणाला. अजून फोन आलेला नाही.